आमची किटली

“चांगुणाबाई, पुढं या. तुमची किटली ठेवा इथं टेबलावर,” तांबोळी साहेब म्हणाले, आणि दूध केंद्राच्या पत्र्याखालची कुजबुज एकदम थांबली.

चांगुणाकाकू रांगेतून बाहेर आल्या. किटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, जणू कोणी ती हिसकावून घेणार होतं. त्यांचा नवरा मुंबईला बाजारात हमाली करायचा, सणावाराला यायचा. घरी दोन गाई, दोन मुली आणि त्या. सबंध धामणवाडीत सगळ्यात कमी दूध त्यांचंच असायचं. पण सकाळी केंद्राचं दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेल्या असायच्या त्याही त्याच.

“माझीच का?” त्यांनी विचारलं.

उत्तर रांगेतूनच आलं. रंगनाथ आवारी म्हणाला, “तुमच्याच गाईची कास सुजली होती ना? डॉक्टर तुमच्याच दारात आला होता. सगळ्या गावानं बघितलंय.”

आदल्या दिवशी आमच्या गावचा टँकर दूध कंपनीच्या दारातून परत फिरला होता. दुधात औषधाचा अंश निघाला होता. जनावराला सुई दिली की औषध पुढचे काही दिवस दुधात उतरतं. ते दूध माणसाच्या पोटात जाऊ द्यायचं नसतं, ओतून द्यायचं असतं. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ होतं. तरी कोणीतरी ते घातलं होतं, आणि त्या एकाच्या दुधानं सगळ्यांचं दूध नासलं होतं. टँकर ओढ्याकाठच्या खड्ड्यात रिकामा करताना बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्याआधीही एकदा कंपनीनं ताकीद दिली होती. आता त्यांचं म्हणणं सरळ होतं: दूध कोणाचं ते सांगा, नाहीतर उद्यापासून गाडी येणार नाही. तांबोळी साहेब कंपनीचे सुपरवायझर. ते नाव घ्यायला आले होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, केंद्राचे चेअरमन. गावात दूध केंद्र नव्हतं तेव्हा लोक सायकलला किटल्या अडकवून तालुक्याला, अकोले गावापर्यंत जायचे. ते केंद्र अण्णांनी उभं केलं होतं. भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडे यायचे, कारण ते आवाज चढवत नसत आणि कोणाची बाजू घेत नसत. त्या सकाळी मात्र ते खुर्चीत बसलेच नाहीत. दूध गार ठेवायच्या कूलरला टेकून उभे होते.

आणि मी टेबलापाशी. बारावी झाल्यापासून सुट्टीत मीच दूध मोजायला, त्याची फॅट तपासायला बसायचे. दुसऱ्या दिवशी मला पुण्याला जायचं होतं. फार्मसीला नंबर लागला होता, बॅग भरून दाराशी ठेवली होती. आमच्या कॉलेजच्या एका सरांनी आग्रहानं माझ्याकडून कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचाही अर्ज भरून घेतला होता आणि तिथंही नाव आलं होतं. घरी तो चेष्टेचा विषय झाला होता. “म्हणजे डिग्री घेऊन पुन्हा दूधच मोजायचं?” अण्णा एवढंच म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. मीसुद्धा हसले होते.

तांबोळी साहेबांनी चांगुणाकाकूंच्या किटलीतलं दूध थेंबभर नळीत घेतलं. त्यात पट्टी बुडवली. पट्टीवर दोन रेषा उठल्या तर दूध चांगलं. खालची एकच उठली तर औषधाचं. रेषा उमटायला थोडा वेळ लागतो.

मी पट्टीकडे बघत नव्हते. मी दादाकडे बघत होते.

दादा, माझा मोठा भाऊ नवनाथ, मोटारसायकलीला पाठ लावून दाराबाहेर उभा होता. आमची किटली त्यानं नेहमीसारखी कोपऱ्यात ठेवली होती. चेअरमनची किटली रांगेत लागत नसे. सगळ्यांचं झालं की मी ती न तपासता ओतून घ्यायचे. त्या सकाळी उकिरड्यावर राख टाकायला गेले तेव्हा मला शेणात अर्धवट दाबलेली एक प्लॅस्टिकची नळी दिसली होती. गाईच्या सडातून, म्हणजे आचळातून, कासेत औषध सोडतात तसली. आमच्या नव्या गाईची कास दोन दिवसांपूर्वी मला कडक वाटली होती. मी विचारलंही होतं. “ओततोय मी तिचं दूध,” दादा म्हणाला होता. ओतताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली नाही, काही नाही. पण आम्ही एका घरात वाढलेली भावंडं. त्याला कळलं की मला कळलंय.

“दोन रेषा आहेत,” तांबोळी साहेब म्हणाले. “दूध साफ आहे.”

चांगुणाकाकूंनी श्वास सोडला. “आता?” त्या रांगेकडे वळल्या. “आता बोला की.”

“आजचं साफ आहे,” रंगनाथ म्हणाला. “परवाचं कुठाय? आज साहेब येणार हे ठाऊक होतं. आज कोण घालील औषधाचं?”

“मी ओतलंय! माझ्या हातानं ओतलंय, पोरींना विचारा!”

“पोरी आईच्याच बाजूनं बोलणार.”

हसायला कोणी तरी सुरुवात केली आणि मग आवाज वाढत गेला. एक जण म्हणाला, तिच्या पावशेर दुधापायी सगळ्या गावानं का मरायचं. दुसरा म्हणाला, तिचं दूध बंद करा, विषय मिटवा. माझ्या लक्षात आलं, चांगुणाकाकू खरं बोलतायत की खोटं याच्याशी तिथं कोणाला देणंघेणं राहिलं नव्हतं. एक नाव पाहिजे होतं, आणि ते ज्याच्यामागं उभं राहायला कोणी नाही अशाचं असलं तर बरंच होतं.

“सगळ्यांचं तपासा मग,” काकू ओरडल्या.

“एवढ्या पट्ट्या नाहीत माझ्याकडं,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहराही ओशाळा झाला होता. “चेअरमन, मला वर काहीतरी सांगावं लागेल. तुम्हीच ठरवा.”

अण्णा कूलरपासून पुढं आले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग खाली बघतच म्हणाले, “काकू, तुम्ही काही दिवस दूध आणू नका. गाडी सुरू राहू द्या. पुढचं पुढं बघू.”

“तुम्ही म्हणताय हे? चेअरमन, तुम्ही?”

मी अण्णांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते. केंद्र हातातून जाईल म्हणून घाबरले होते, आणि त्या भीतीनं एका बाईचा बळी देत होते. त्यांना खरं माहीत नव्हतं. ते कळेल त्या दिवशी स्वतःला तोंड कसं दाखवतील, हा विचार माझ्या मनात आला.

दादा दारातून आत आला होता. माझ्या मागं येऊन उभा राहिला. “रूपा,” तो अगदी हळू म्हणाला, “घरी जा. आई बोलावतेय.”

आई बोलावत नव्हती.

“अण्णा,” मी म्हणाले. “आपली किटली राहिलीय.”

“काय?”

“आपली किटली. तीही तपासू द्या साहेबांना. म्हणजे कोणी काही बोलायला नको.”

रांगेतून कोणी तरी म्हणालं, “चेअरमनचं दूध काय तपासायचं!” तांबोळी साहेबही म्हणाले, “राहू द्या ताई, त्याची काही गरज नाही.” पण अण्णांचा चेहरा मात्र उजळला. त्यांना वाटलं, पोरीनं बरोबर सुचवलं. आपलीही किटली ठेवली की चांगुणाबाईंना न्याय मिळाल्यासारखं दिसेल, आपण सगळ्यांना एकच माप लावतो हे लोकांना कळेल.

“बरोबर बोलली ती,” ते म्हणाले. “तपासा. नवनाथ, आण रे किटली.”

दादा हलला नाही.

“अरे, आण ना.”

मग मीच कोपऱ्यात गेले. किटली जड होती. टेबलापर्यंतचं ते अंतर मला आजही पायांत आठवतं. झाकण उघडलं, दूध अजून कोमट होतं. साहेबांनी थेंब घेतला, पट्टी बुडवली. अण्णा खाली वाकून, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. खालची रेषा उठली. लाल, स्वच्छ. वरच्या जागी काहीच नव्हतं. अण्णा वाट बघत राहिले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग दुसरी पट्टी काढून पुन्हा तपासलं. तीही तशीच.

“चेअरमन,” साहेब इतकंच म्हणाले.

अण्णांनी दादाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. त्यांनी किटली उचलली, केंद्राच्या पायऱ्या उतरले आणि सगळ्यांसमोर गटारात उपडी केली. दूध वाहत रस्त्यापर्यंत गेलं. रिकामी किटली पायरीवर ठेवून ते म्हणाले, “साहेब, वर माझं नाव सांगा. भरपाई काय असेल ती मी देईन. आजपासून मी चेअरमन नाही.” मग चांगुणाकाकूंकडे वळून त्यांनी हात जोडले.

दादानं मोटारसायकल चालू केली आणि निघून गेला.

घरी कोणी जेवलं नाही. आई चुलीपाशी बसून राहिली, तिनं मला विचारलं फक्त एकदा, “तुला माहीत होतं?” मी मान डोलावली. ती म्हणाली, “मग घरात बोलायचंस ना गं. आधी घरात.” त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दादा दुपारी आला. मला वाटलं, तो मारेल. तो ओट्यावर बसला, चप्पल काढली, पुन्हा घातली.

“झालं समाधान?” तो म्हणाला.

“त्या बाईला चोर ठरवत होते सगळे.”

“हो. ते चुकलंच. माझंही चुकलं. वाटलं, एवढ्या दुधात एका गाईचं काय कळणार. पण एक सांग मला. तू शिकलेली ना, पुण्याला निघालीस, सांग. गाय आजारी पडली. औषध दिलं. आता दूध ओतायचं. पण वैरण तिला तेवढीच लागते, पेंड तेवढीच लागते, डॉक्टर येतो तो फुकट येत नाही. मग ते ओतायचं दूध कोणाचं? माझं एकट्याचं? कंपनीचं नाही, केंद्राचं नाही, ते पिणाऱ्याचं नाही. फक्त माझं. का?”

“कारण नियम आहे तसा.”

“तो माहीत आहे मला. कारण विचारतोय मी.”

सकाळी सगळ्यांसमोर किटली टेबलावर ठेवताना आपण बरोबर आहोत याची खात्री होती. ओट्यावर दादासमोर बसले तेव्हा ती खात्री होतीच, पण तिचा उपयोग काय ते कळेना.

संध्याकाळ व्हायच्या आत मी चांगुणाकाकूंकडे गेले. वाटलं होतं, त्या मला जवळ घेतील. खरं सांगायचं तर तेच ऐकायला गेले होते. त्या गोठ्यात शेण काढत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत.

“काकू, सकाळी जे झालं…”

“झालं ते झालं.” पाटी त्यांनी उकिरड्याच्या कडेला आपटली. “तू बोललीस म्हणून वाचले. नाहीतर गेले होते मी.”

“तुम्ही खरंच ओतलं होतं ना सगळं. मला माहीत होतं.”

“ओतलं. सकाळ-संध्याकाळ ओतलं. पोरी कोऱ्या चहाला कंटाळल्या होत्या तरी ओतलं. कोणी विचारलं का, चांगुणा, या दिवसांत तुझं कसं चाललंय? आणि त्याच्यावर मला चोर म्हणाले.” त्या कंबरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “ऐक पोरी. पुढच्या वेळी माझी गाय आजारी पडली ना, तर मी डॉक्टर बोलावणार नाही. औषध गुपचूप देईन आणि दूध केंद्रावर घालीन. सगळे घालतात. मीच काय ते ओतायचं?”

“काकू, असं नका म्हणू.”

“का नको? तू काय देणार आहेस मला?”

गावात एक बाई नियमानं वागत होती, आणि त्या दिवशी तिची नियमावरची श्रद्धा गेली. दादाच्या चुकीनं गेली, गावाच्या जिभेनं गेली, अण्णांच्या भीतीनं गेली. आणि माझ्या धीटपणानं तिला थांबवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि मी संगमनेरच्या एसटी स्टँडवर उभे होतो. पुण्याची गाडी लागली. त्यांनी बॅग उचलली.

“अण्णा, मला पुण्याला नाही जायचं.”

ते थांबले. “म्हणजे?”

“ते दुसरं. कृषी व्यवसायाचं. तिथं जायचंय. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे.”

बॅग त्यांनी खाली ठेवली नाही, तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. कंडक्टर दारात घंटीची दोरी धरून उभा होता.

“काल सगळ्या गावासमोर माझी पगडी उतरवलीस,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी काही बोललो नाही, कारण तुझं बरोबर होतं. पण आज हे काय? ज्या धंद्यात बापाची अब्रू गेली, त्यातच शिकायचंय? तुला यातून बाहेर काढायचं म्हणून मी एवढं केलं. औषधाचं दुकान टाकशील, पंख्याखाली बसशील. शेणात हात घालायला लागणार नाही.”

“मला शेणात हात घालायची लाज वाटत नाही, अण्णा.”

“मला वाटते. तुझ्यासाठी वाटते.”

लोक आमच्याकडे बघायला लागले होते. मी त्यांच्याजवळ सरकले. “मी काल चांगुणाकाकूंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मी पण लपवीन.”

“कोण म्हणालं?”

“चांगुणाकाकू.”

“ती असं म्हणाली?” त्यांच्या हातातली बॅग खाली आली. काल गटारात दूध ओतताना त्यांचा चेहरा दगडासारखा होता. आता मात्र तो हलला. “चांगुणा असं म्हणाली?”

“दादानं विचारलं, ओतायचं दूध कोणाचं. मला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगता येतं का?”

पुण्याची गाडी हॉर्न देऊन सुटली. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. ती स्टँडच्या बाहेर वळेपर्यंत बघत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “इतकी वर्षं केंद्र चालवलं. एवढं कधी सुचलंच नाही.”

“तिथं शिकवतात म्हणे. म्हणजे नक्की काय शिकवतात ते मला माहीत नाही.”

“माहीत नाही आणि निघालीस.” त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. “तिकडची गाडी कुठं लागते?”

आम्ही चौकशी खिडकीकडे गेलो.

तिथं मला जे शिकवलं त्यात दादाच्या प्रश्नाचं उत्तर थेट कुठेच नव्हतं. हिशेब होते, बाजार होते, विमा होता, सहकाराचे कायदे होते. उत्तर आम्हाला गावात बसून जुळवावं लागलं, आणि त्याला कॉलेजनंतरची चार-पाच वर्षं गेली. दर लिटरमागं सगळ्यांकडून थोडीशी रक्कम बाजूला काढायची, आणि ज्याचं जनावर औषधावर आहे त्याला त्या दिवसांचं निम्मं मोल त्यातून द्यायचं. दूध केंद्रावरच आणायचं, मोजायचं आणि सगळ्यांसमोर ओतायचं. रंगनाथनं पहिल्या बैठकीत आरडाओरडा केला. दादा माझ्या बाजूनं बोलायला उठला नाही. दुसऱ्या बैठकीत मात्र तो उठला आणि म्हणाला, “त्या दिवशी मी घातलं होतं दूध. का घातलं ते सांगतो.” त्यानं सांगितलं. बैठक संपायला उशीर झाला, पण ठराव झाला. चांगुणाकाकू त्या आधीच मुंबईला नवऱ्याकडे गेल्या होत्या, गाई विकून. त्यांना हे सांगायला मी एकदा गेले होते. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि मुलीच्या लग्नाचं बोलायला लागल्या.

परवा केंद्रावर गेले होते. गर्दी होती. रंगनाथ आवारीच्या घरातली नवीन सून, तिचं नावही मला अजून माहीत नाही, रांगेच्या शेवटून ओरडली, “ओ, आमच्या गाईला काल सुई दिलीय, हे ओतायचंय, आधी घ्या ना, घरी लेकरू रडतंय!”

टेबलावरच्या मुलीनं तिला पुढं बोलावलं. रांगेतल्या बायका आपापल्या गप्पा मारत होत्या. त्यांनी तिला वाट दिली आणि बोलणं तसंच पुढं चालू ठेवलं.